कॅमेऱ्याकडे बघणारी खाडी

मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. किस्स्यांचं तसं नाही, एक काढायला जावं तर खालून चार वर येतात! आमच्या खाडीवरच्या ग्रुपचे तर विचारूच नका.

मी दुबईच्या करामा भागात वाढले आणि फोटोग्राफी शिकायला युरोपातल्या एका जुन्या, कालव्यांच्या शहरात गेले. परतताना वाटलं होतं, दुबईत जुनं काय असणार? आणि मराठी मंडळींचा फोटो ग्रुप म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं! प्रत्यक्षात दर शनिवारी सकाळी देरा भागातल्या धक्क्यावर तिघं हजर: मसाल्याचं दुकान चालवणारे रत्नागिरीचे शौकतचाचा, अबू धाबीच्या अल रीम आयलंडहून गाडी हाणत येणाऱ्या आर्किटेक्ट सुमेधाताई आणि तिथल्याच मुसफ्फाच्या कारखान्यांत वेल्डिंग करणारा साताऱ्याकडचा दत्ता. समोर लाकडी गलबतांवर फ्रिज, टायर, साखरेची पोती चढत होती. त्या शहरातले कालवे आता पर्यटकांपुरते उरलेत. आमची खाडी अजून कामावर जाते!

*

पहिल्याच दिवशी मी त्या कालव्यांच्या शहरातले फोटो दाखवले. पाणी, पूल, धुकं. मध्ये कुणी येऊ नये म्हणून प्रत्येक फ्रेमसाठी तासन्‌तास थांबले होते.

चाचांनी सगळे मन लावून पाहिले. "माशाल्ला, काय शहर आहे! पण बेटा, माणसं कुठं गेली? कर्फ्यू लागला होता काय?"

*

सुमेधाताईंनी एकदा अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, ट्रायपॉड लावला. बंगाली नावाडी म्हणाला, "ये तीन टांगवाला भी पॅसेंजर है. इसका भी एक दिरहम!"

ताईंनी मुकाट्यानं दिला. मागे कोंबून बसवलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "मम्मा, इट गॉट अ बेटर सीट दॅन मी!"

*

ग्रुपला नियम एकच, चाचांनी घातलेला: ज्याचा फोटो काढाल, त्याला तो दाखवायचा आणि पाठवायचा.

गलबतावरच्या एका खलाशाला मी म्हटलं, "आप काम करते रहिए. नॅचरल." त्यानं पोतं खाली ठेवलं, खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, बटणं लावली.

"नॅचरल तो रोज रहता हूँ, मॅडम. फोटो में तो ढंग से रहने दो!"

*

सुमेधाताईंनी काढून पाठवलेल्या फोटोवर त्याच खलाशाचं लग्न ठरलं! तेव्हापासून धक्क्यावरचे सगळे बिनलग्नाचे ताईंपुढे उभे राहतात. मी कॅमेरा उचलला की म्हणतात, "आप रहने दो. उनका हाथ अच्छा है."

*

माझे युरोपातले सर पाण्यावर जगणाऱ्या शहरांचं प्रदर्शन लावत होते. शिकत असताना मी सारखी सांगायचे, आमच्याकडेही खाडी आहे. ते हसायचे, "दुबईत? तिथं मॉल असतात!" आता दर्शनी भिंतीसाठी त्यांनी माझा एक फोटो मागितला. अट एकच, फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघता कामा नये.

फोटो त्याच आठवड्यातल्या शनिवारी मिळाला. रात्रपाळी करून थेट आलेला दत्ता अब्रात बसल्या बसल्या झोपलेला, हनुवटी छातीवर, अंगावर सोनेरी ऊन. छोटी फाईल पाठवली, सर खूश! "हाच. मोठी फाईल उद्या पाठव."

नियमाप्रमाणे मी तो दत्ताला दाखवला. त्यानं झूम करून करून पाहिला.

"फोटो एक नंबर, ताई. पण इतक्या वर्षांत या होडीत एकदाच झोपलो, आणि तेवढंच भिंतीवर लागणार?"

"मग नको पाठवू?"

"पाठवा की. तुमचं काम आहे. फक्त आमच्या गावाकडं जायला नको." कॅमेरा परत देत म्हणाला, "उद्या सकाळी मी इथंच आहे, चाचांच्या खोलीवर. आलात तर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला. चाचा त्याला अत्तर लावत होते.

"फोटोत वास येतो काय, चाचा?"

"ऐट येते!"

अब्रा धक्क्याला लागलेली होती. दत्ता तिच्यात मधोमध उभा राहिला, मागे गलबतं, आणि त्यानं सरळ लेन्समध्ये बघितलं. मी फोटो काढला, त्याला दाखवला आणि तिथूनच सरांना पाठवून दिला.

थोड्या वेळानं उत्तर आलं, "पण हा तर कॅमेऱ्याकडे बघतोय!"

मी लिहिलं, "माझ्याकडून हाच फोटो येईल, सर. आणि तो कॅमेऱ्याकडे नाही, तुमच्याकडे बघतोय."