पाण्यावर घेतलेलं नाव

व्हर्नेल गॅस्किन्सने सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली, आणि आवाज कमावला तो तिथेच: शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यालाही ताठ बसवणारा. निवृत्त झाल्यावर तिने बर्च स्ट्रीटवरची बंद पडलेली लाँड्री भाड्याने घेतली, भिंती पिवळ्या रंगवल्या आणि आमच्या काळ्या वस्तीला स्वतःचा हॉल दिला. तिथे पोरी ढोल शिकायच्या, म्हातारे आपापल्या आज्यांच्या गोष्टी टेपवर सांगायचे. ज्यांची मुलं पोलिसांनी उचललेली असत त्या आया वकिलाच्या आधी तिथे यायच्या. "मिस व्हर्नेल आहे का?" एवढंच विचारायच्या. ती असायचीच.

दर जूनटीन्थला, म्हणजे गुलामी सुटल्याच्या दिवशी, भर दुपारी ती हॉलच्या दारातल्या कुंडीत पाणी सोडायची. थोडं पाणी, एक नाव. आधी पूर्वजांची नावं, मग पोलिसांच्या हातून गेलेल्यांची. प्रत्येक नाव तीनदा, आणि दर खेपेला सगळ्यांनी "आशे!" म्हणायचं, म्हणजे तथास्तु. नियम एकच. जिवंत माणसाचं नाव पाण्यावर घ्यायचं नाही.

त्या वर्षी क्वेंटेल टब्ज हॉस्पिटलात होता. वय सव्वीस. गाडीचा मागचा दिवा फुटलाय म्हणून पोलिसांनी अडवलं, आणि दुसऱ्या दिवशी कोठडीतून त्याला स्ट्रेचरवरच बाहेर आणलं. मधे काय झालं ते कोठडीतल्या कॅमेऱ्याला ठाऊक. त्याची आई लर्लीन नळ्यांच्या जंजाळाशेजारी बसून, आणि नऊ दिवस व्हर्नेल तिच्याशेजारी. मक्याची भाकरी आणि पालेभाजी डब्यातून न्यायची, दामटून खायला लावायची.

"अगं, तू उपाशी राहून आडवी झालीस तर उठल्यावर त्याला झापणार कोण?"

"तू आहेस की," लर्लीन म्हणायची. "तुझ्या आवाजाने मेलेलासुद्धा उठेल."

दहाव्या दिवशी जूनटीन्थ आला. हॉलसमोर दोनशे माणसं, शेगडीवर बरगड्या, हातोहाती लाल सोडा. आणि पहिल्यांदाच टीव्हीचे दोन कॅमेरे. त्यांच्यासाठी व्हर्नेलने दोन वर्षं फोन करून करून पिच्छा पुरवला होता. पूर्वजांची नावं संपवून तिने पुन्हा पाण्याचा जग उचलला तोच खुर्च्या मांडणारा रुफस ऑडम घाईघाईने पुढे आला. त्याची बहीण हॉस्पिटलात फरशी पुसते, तिचा फोन आला होता.

"मिस व्हर्नेल, पोरगा पलीकडे गेला."

आमच्यात कुणी मरत नाही. माणूस पलीकडे जातो.

"नक्की?"

"ती म्हणाली, सकाळीच पलीकडे नेला."

एक फोन लर्लीनला करायचा होता, बस्स. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता, आणि व्हर्नेलच्या मनाचा एक कोपरा या नावासाठी नऊ दिवस तयारच होता. इथे तिचा राग येतो, आणि यायलाच हवा.

"क्वेंटेल टब्ज!"

"आशे!"

दुसऱ्यांदाही दोनशे गळ्यांनी तथास्तु म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज मधेच विरला, कारण गर्दीच्या कडेला लर्लीन उभी होती. अंगावर कालचेच कपडे, छातीवर हॉस्पिटलचा पास, आणि काहीतरी सांगायला आलेलं हसू अजून चेहऱ्यावर तसंच.

"त्याची नळी काढली," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडच्या इमारतीत हलवलाय. मला ममा म्हणाला."

त्यानंतर पाचव्या दिवशी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि क्वेंटेल खरोखर गेला. पाण्याने माणूस मरत नाही हे व्हर्नेलला कळत होतं, वस्तीलाही कळत होतं. तरी हॉल आला की माणसं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागली.

वकिलाने सांगितलं, कोठडीतलं चित्रीकरण मागायचा हक्क फक्त आईला, आणि शुक्रवारपर्यंत तिची सही हवी. सहीशिवाय सगळं दडपलं जाणार होतं. व्हर्नेल कागद पर्समध्ये घालून लर्लीनच्या दारात उभी राहिली.

"लर्लीन, बाळा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"मी त्याचा हात धरून बसले होते," लर्लीन म्हणाली, "आणि तू त्याच्यावर पाणी सोडून मोकळी झालीस."

"हो."

"पर्समध्ये काय आहे?"

व्हर्नेलने कागद काढला.

"त्यांनी काय केलं ते सगळ्यांना दिसायला हवं गं. तुझ्या एका सहीने..."

"खरं सांग, मिस व्हर्नेल. कशासाठी आलीस? माफीसाठी की सहीसाठी?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं तर त्या दिवशी फार उपयोगी पडलं असतं.

"दोन्हीसाठी."

"मग दोन्ही तशीच परत घेऊन जा," लर्लीन म्हणाली आणि तिने दार लावलं.

व्हर्नेल गुरुवारी गेली, शुक्रवारीही गेली. दार उघडलं नाही. क्वेंटेलसोबत कोठडीत काय झालं ते आजवर कुणीही पाहिलेलं नाही.