आमचं दहा फुटी मशीन

लोकांच्या घरी कुत्रा असतो, मांजर असतं, नातवंडं असतात. चार माणसं जमली की त्यांचे किस्से सुरू होतात. माझ्या घरी लाँगआर्म मशीन आहे. गोधड्या शिवायचं. हसू नका! आख्ख्या नोकरीत मला जेवढे किस्से मिळाले नाहीत, तेवढे या मशीनने दोन-तीन वर्षांत दिले. परवा शैला म्हणाली, "वसू, आता सांगून टाक सगळे. नाहीतर विसरशील आणि मग मीच तिखटमीठ लावून सांगेन."

शैला म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती दादरला, मी परळला. दोघी एकदमच रिटायर झालो आणि दोघींना एकदमच गोधड्यांचं वेड लागलं.

साध्या मशीनवर आपण कापड सरकवतो. लाँगआर्मचं उलटं. गोधडी लांबलचक फ्रेमवर खाटेसारखी ताणून बसवायची आणि मशीनच रुळांवरून फिरवायचं. स्कूटरसारखी दोन हँडल धरायची की निघाली स्वारी!

*

मशीन बघायला गेलो तेव्हा श्रीकांत बरोबर होता. श्रीकांत माझा नवरा. आमचं लग्न ऑफिसातलं, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही.

सेल्समनने सगळं दाखवलं. आर्म केवढा, टाके किती बारीक, हँडल पुढून की मागून. मी आणि शैला नुसत्या पाघळलो होतो. मग त्याने विचारलं, "मॅडम, रूम केवढी आहे?"

"बारा फूट," श्रीकांत म्हणाला. "आणि मशीनची फ्रेम?"

"दहा फूट, सर."

"वा! म्हणजे दोन फूट आम्हाला राहायला!"

सेल्समन बिचारा मान डोलावून म्हणाला, "हो सर, आरामात."

*

तरी श्रीकांत नाही म्हणाला नाही. त्याने अट घातली की आधी ट्रायल घ्यायची. मग बाहेरच्या खोलीत फ्रेमच्या मापाचे पेपर जमिनीवर चिकटवले. इथे मशीन आहे असं समजून आठवडाभर वावरायचं. पेपरवर पाय पडला की मशीनला धडक!

पहिल्या दिवशी सोफा आतल्या खोलीत गेला. मग टीव्ही भिंतीवर चढला. मी अगदी शिस्तीत कडेकडेने चालत होते. शेवटी एका सकाळी बघते तर श्रीकांत चहाचा कप घेऊन बरोब्बर मधोमध उभा.

"अरे, तू मशीनमध्ये उभा आहेस!"

"मशीनमध्ये नाही," तो खाली वाकून म्हणाला. "क्रिकेटचा स्कोअर फ्रेमच्या खाली गेलाय."

*

मशीन आलं तो दिवस तर बिल्डिंग विसरणार नाही. आमची लिफ्ट म्हणजे तीन माणसं आणि एक पिशवी. फ्रेमचे रूळ तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. मग चार हमालांनी रुळांचा लांबलचक खोका पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तसाच खांद्यावर घेतला आणि जिन्याने निघाले. मागून मी आणि शैला. घामाने आणि टेन्शनने दोघींचे चेहरे उतरलेले.

तळमजल्यावरचे आप्पा दारात पेपर वाचत होते. त्यांना ऐकू जरा कमीच येतं. ते चटकन उठले. चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच मागच्या हमालाला विचारलं, "कोण?"

हमाल म्हणाला, "शिलाई मशीन."

आप्पांनी हात खाली घेतले नाहीत. म्हणाले, "अरेरे. पण मग वर कुठे नेताय?"

*

सुरुवातीला नक्षीचं काम शैला करायची. मी सरळ रेघा मारणारी बाई. शैलाची चित्रकला शाळेत चांगली होती, निदान ती तरी तसं म्हणते. तर पहिलंच बाहेरचं काम आलं गिरगावातल्या एका बाईंचं. त्यांना गुलाब हवे होते.

शैलाने दोन दिवस खपून गोधडीभर गुलाब काढले. मला जरा शंका आली होती, पण मैत्रीत काही गोष्टी बोलायच्या नसतात.

बाई आल्या. गोधडी उलगडली, हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाल्या, "गुलाब सगळेच काढतात हो. पण कोबी! काय आयडिया आहे! ह्यांना फार आवडतो."

शैला आठवडाभर आली नाही. त्या बाईंनी मात्र आणखी दोन ऑर्डरी पाठवल्या. दोन्ही कोबीच्याच!

*

आमच्या खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, सामंत. एका दुपारी आले ते तावातावानेच. "वहिनी, माझ्या डोक्यावर घर्रघर्र घर्रघर्र चालू असतं. हे चालणार नाही. सोसायटीत काही नियम आहेत की नाही?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. पण एकदा बघा तरी, कशाचा आवाज आहे तो." आणि त्यांच्या हातात हँडल दिली. फ्रेमवर जुनं कापड होतं, प्रॅक्टिसचं.

सामंतांनी आधी एक रेघ मारली. मग एक वळण घेतलं. मग मला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "तक्रार अजून आहे," म्हणाले आणि थेट मशीनकडे गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बेल वाजली तर दारात सामंतवहिनी. "काय हो, आमचे हे आहेत का इथे? आणि रोज दुपारी कसली तक्रार करतात एवढी? घरी तर म्हणतात, आवाजाची आता सवय झाली!"

आतून सामंत ओरडले, "आलो, आलो! एवढा कोपरा होऊ दे!"

*

आता शेवटचा. हा शैला सांगते तेव्हा जास्त रंगतो, पण असू दे.

भोईवाड्यात दोन भाऊ होते. आई गेली आणि तिच्या खोलीवरून त्यांचं बिनसलं. कोर्टात केस, बोलणं बंद. धाकटा वडाळ्याला राहायला गेला. भांडी वाटून झाली, देव वाटून झाले. आईच्या हातची गोधडी एकच होती, तर हट्टाने तीही मधोमध कापली! अर्धी याला, अर्धी त्याला.

हे मला नंतर कळलं. आधी मोठा आला. म्हणाला, "आईची आहे. विरत चाललीय. मागून नवं अस्तर लावून घट्ट करून द्या." चार दिवसांनी धाकटा आला. त्याचंही तेच. मी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तर जांभळ्या साडीचा काठ एकच आणि कापलेल्या जागी अर्धी कोयरी इकडे, अर्धी तिकडे.

लाँगआर्मवर अस्तर ताणून बसवायला फार वेळ जातो. म्हणून दोन लहान कामं एकाच लांब अस्तरावर लावतात आणि शेवटी मधून कापतात. शैलाने तसंच केलं. फक्त दोन्ही तुकडे कापलेल्या कडेने एकमेकांना भिडवून लावले.

मी म्हटलं, "अगं, मधे जागा सोड! कापणार कुठून?"

"कोयऱ्या जुळतायत ना. बघायला बरं वाटतं," ती म्हणाली आणि शिवायला लागली.

न्यायला येण्याची वेळ दोघांना तिनेच दिली. एकच वेळ. चुकून, असं ती अजूनही म्हणते.

मोठा आला, बसला. पाठोपाठ धाकटा आला आणि दारातच थबकला. मोठा मला म्हणाला, "यांना विचारा, हे इथे कसे?" धाकटा मला म्हणाला, "त्यांना सांगा, मी माझं सामान न्यायला आलोय." मधल्यामध्ये मी! श्रीकांत स्वयंपाकघरात सटकला.

शैलाने गोधडी फ्रेमवरून उतरवली आणि दोघांच्या मधे जमिनीवर पसरली. आख्खी. धाकटा उकिडवा बसला आणि मधल्या कोयरीवर बोट फिरवायला लागला. मोठ्याने चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"फक्त कापायचं राहिलंय," शैला म्हणाली. "माझा हात धजत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी कापा." आणि कात्री ठेवली गोधडीवर.

कात्रीला कुणी हात लावेना. मोठा खाकरला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच तो थेट भावाशी बोलला.

"आज नको. अमावस्या आहे."

धाकट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "दादा, अमावस्या परवाच झाली."

मोठ्याने कात्री उचलून बाजूला ठेवली. गोधडीची दोन टोकं हातात घेतली आणि घडी घालायला उरलेली दोन भावापुढे केली.

"मग पुढची होऊन जाऊ दे."