जनूदादाची हाळी

आमच्या खारेपाटात जनूदादाचे पाय प्रसिद्ध. दर अमावास्या-पुनवेला उधाण यायच्या आधी हा माणूस खाडीच्या बांधावरून अनवाणी चालतो, गेली तीस वर्षं. टाचेला माती भुसभुशीत लागली की खाली खेकड्यांनी बीळ पाडलंय, हे त्याला कळतं. मग तो हाळी देतो आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो. खारं पाणी एकदा शेतात घुसलं की तीन वर्षं भाताचं नाव नको.

उन्हाळ्यात बांधाच्या दुरुस्तीची बैठक झाली. ठेकेदाराचा तरणा इंजिनीयर रोह्याहून आला होता, नकाशा दाखवत होता. "सायेब, उघाडीच्या दाराकडं माती नरम हाय," बांधातल्या त्या पाणी सोडायच्या झडपेच्या दिशेने हात करत जनूदादा तीनदा म्हणाला. चौथ्यांदा तोंड उघडलं तसा इंजिनीयर खेकसला, "शट अप!" आम्ही खो खो हसलो. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी त्याने नातीला अर्थ विचारला. अपेक्षा रोह्याच्या कॉलेजात जाते. तिनेच मला नंतर सांगितलं. ती चाचरत म्हणाली होती, "आजा, आमी मैत्रिणी पन बोलतो गमतीत, 'काय सांगतेस!' असं. बाई वर्गाला बोलतात तवा 'गप बसा'."

"आन म्हाताऱ्या मानसाला बोलला तर?"



तेव्हापासून जनूदादा बांधावर जायचा, पण कुणाशी बोलेना. पुढच्या अमावास्येला भरती दुपारी बाराची. अकरा वाजून गेले, हाळी नाही. हाळी नाही म्हणजे बांध ठीक, अशी मी मनाची समजूत घालत होतो, पण जीव काही थाऱ्यावर येईना. तेवढ्यात त्याची भाकरी घेऊन गेलेल्या अपेक्षाची किंकाळी आली, "धावा! उघाडीकडं धावा!"

पोचलो तर जनूदादा बांधाला पडलेल्या भोकात पाठ रुतवून बसलेला. छातीपर्यंत चिखल, ओठ काळेनिळे. त्याच्या काखेतून पाणी आत येत होतं. तासभर त्याने एकट्याने ते भोक अडवून धरलं होतं. आम्ही त्याला ओढून काढलं, गोणी, पेंढा, माती कोंबली. बांध वाचला.

मी त्याच्यावरच ओरडलो, "दादा, मेला असतास ना! हाळी का नाय दिलीस? त्या इंजिनीयरचं येवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

त्याने तोंडावरचा चिखल पुसला.

"त्याचं इंग्रजी मला दुसऱ्या दिवशी समजलं, प्रवीण. तुमचं हसनं तवाच समजलं."