आपांनी झाकलेलं नाव

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा शाहूपुरीतल्या माझ्या सायबर कॅफेचं शटर मी नुकतं वर ढकलत होते. तशीच पायरीवर बसले. रडू आलं नाही. 'सुटल्या बाई एकदाच्या त्या भीतीतून!' एवढंच मनात आलं. महिना उलटला, तरी तेच येतंय...

झुबेदाआपा मला शाळेत शिकवायच्या. निवृत्तीनंतर गल्लीतली जकात, म्हणजे कमावत्या मुसलमानानं गरजूंसाठी वर्षाकाठी काढायचा वाटा, त्याच घरोघर पोचवायच्या. पण 'जकात' हा शब्द घेणाऱ्यापुढं कधी उच्चारायच्या नाहीत. "ईदी आणलीया, पोरांस्नी कापडं घे," म्हणायच्या आणि चहा पिऊन उठायच्या.

मग दुबईतल्या त्यांच्या भाच्यानं वेबसाइट काढली, तिकडच्या पोरांना बसल्या जागी जकात देता यावी म्हणून. आपा हरखल्या. माझ्याकडे येऊन माऊस धरायला शिकल्या. एका सकाळी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओळखीपुरते म्हणून त्यांनीच पाठवलेले जकात घेणाऱ्यांचे फोटो भाच्यानं नावानिशी लावले होते, देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून! सगळ्यात वर मेहरुन्निसा, शिवणकाम करून लेक वाढवणारी विधवा. त्याच आठवड्यात शुक्रवारी तिच्या शबानाला बघायला कागलची माणसं येणार होती.

"पोरगा कॉम्प्युटरवाला हाय गं सुनंदा! त्यानं बघितलं तर? जकातीवर वाढलेली म्हणून उठून जातील की!"

पासवर्ड भाच्याकडे, आणि भाचा फोन उचलेना. आपा रोज कॅफे उघडायच्या आधी दारात उभ्या. गुरुवारी संध्याकाळी भाच्यानं एकदाचा फोन उचलला आणि ते पान निघालं. लग्न झालं. पण आपांची धाकधूक काही जाईना. वर्षानुवर्षं यायच्या, मेहरुन्निसाचं नाव शोधायला लावायच्या. "कुठं ऱ्हायलं न्हाय न्हवं? तिला कळलं तर मला तोंड दावायची न्हाय गं..." मी चिडायचे, "न्हाय हो आपा, काय सुदीक न्हाय!" तरी महिन्याभरानं पुन्हा दारात उभ्या.

परवा शबाना भेटायला आली. म्हणाली, "सुनंदाताई, तो फोटो अम्मीनं तवाच बघितलेला. एका गिऱ्हाइकानं दाखवला."

"मग बोलला का न्हाईसा?"

"अम्मी म्हणाली, आमाला कळलंय हे आपास्नी कळलं, तर त्या भिऊन आमच्या दारात यायच्या बंद हुतील."

"अगं, 'आमचा राग न्हाय' एवढं एक वाक्य त्यांना सांगायचं होतंस की!" मी ओरडलेच. शबाना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर, आपा बसायच्या त्याच खुर्चीत, मान खाली घालून बसून राहिली.