गाऱ्हाण्यांचा फोल्डर

पोलादपूरच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत शिमग्याला पालखी घरोघर जाते आणि प्रत्येक अंगणात त्या घरासाठी वेगळं गाऱ्हाणं घातलं जातं. देवाला हाक मारून त्या घरच्या माणसांसाठी मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. हा मान माझ्या काकांचा. त्यांच्या शेवटच्या शिमग्याला मी मोबाइल घेऊन पालखीमागे फिरलो आणि देवळातलं गावाचं गाऱ्हाणं आणि मग घराघराचं रेकॉर्ड केलं. मुंबईकरांसाठी वाडीची वेबसाइट मीच केली होती; पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या दारात, ते तिच्यावर असायचं. तिथेच गावाचं सगळ्यात वर आणि प्रत्येक घराचं त्याच्या नावापुढे, अशी ही गाऱ्हाणी चढवली.

काका त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. तेव्हापासून काकी रोज दिवा लावला की आपल्या घराचं गाऱ्हाणं ऐकायची. त्यात काका म्हणाले होते, “घरच्या बाईचं गुडघं बरं कर महाराजा, तिनं माझं लय केलंय.” उभ्या जन्मात त्या माणसाने बायकोला बरं म्हणून म्हटलं नव्हतं. बोलले ते एकदाच, देवापुढे आणि चारचौघांत.

शिमगा जवळ आला की मुंबईतले सगळे एकदम वेबसाइट उघडायचे, जुना सर्व्हर आडवा व्हायचा आणि शिव्या मला. म्हणून यंदा महाडच्या घरी बसून मी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. डेटाबेस नेला, घरं, नावं, तारखा सगळं जिथल्या तिथे. पण डेटाबेसमध्ये गाऱ्हाण्याच्या फाइलचं नुसतं नाव असतं, आवाज असतो वेगळ्या फोल्डरमध्ये. वेबसाइट मी बांधलेली, मला हे ठाऊक नसणार तर कुणाला? तरी तो फोल्डर राहिला तो राहिलाच.

आमच्यात आधी देवळातलं, सगळ्या गावाचं गाऱ्हाणं, मग घरांची. आणि सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही. वाजतंय का बघायला मी तेच पहिलं लावलं, अकरा मिनिटं हात जोडून बसलो, ‘होय महाराजा’ म्हटलं. एवढं ऐकल्यावर दुसरं लावून बघायची बुद्धी कुणाला होणार! ते वाजलं, कारण इतक्यांदा ऐकून ते माझ्या मोबाइलमध्येच साठलं होतं. नव्या सर्व्हरवर एकही गाऱ्हाणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जुना सर्व्हर बंद करायला सांगून मी मोकळा झालो. रेकॉर्डिंग केलेला मोबाइल तर कधीच नव्याच्या बदल्यात देऊन टाकला होता. शहाणाच मी.

काकीच्या स्वस्तातल्या फोनात काही साठायला जागाच नव्हती; गाऱ्हाणं वाजेना तेव्हा तिला वाटलं, फोन बिघडला. दोनदा पोलादपूरच्या दुकानात जाऊन आली. तिथल्या माणसाने स्पीकर साफ करून दिला, फोन चांगला आहे म्हणाला. मला कामात त्रास नको म्हणून तिने कळवलंही नाही. शेवटी एसटीने महाडला आली, कठडा धरत जिना चढली आणि फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाली की तिनेच काहीतरी भलतं दाबलं असणार, मी ओरडू नये.

मी तिच्या घराचं पान उघडलं. नाव होतं, तारीख होती, बटण होतं. दाबलं. काही नाही. जुन्या सर्व्हरवाल्यांना तिच्यासमोरच फोन लावला. सगळं पुसून टाकलंय, मागचं काही ठेवत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

काकीला खरं ते सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती आपल्या फोनवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिली. मला ते बघवेना. एक गाऱ्हाणं शिल्लक आहे म्हटलं आणि माझ्या मोबाइलवरचं गावाचं गाऱ्हाणं लावलं. काका मागत होते, गुरांसाठी, भातासाठी, मुंबईला गेलेल्या पोरांसाठी, कशेडी घाटात गाडी चालवणाऱ्यांसाठी. काकीने डोक्यावर पदर घेतला आणि अकरा मिनिटं हलली नाही. शेवटी हळूच ‘होय महाराजा’ म्हणाली.

मग मोबाइल माझ्या हातात दिला.

“आवाज त्यांचाच हाय,” ती म्हणाली. “पन याच्यात मी नाय रे.”