आबांच्या खिशातली थरथर

दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन परळीकडं निघतात. खत मिळावं म्हणून शेतकरी त्यांचा कळप रात्री आपल्या रानात बसवून घेतात, त्यामुळं मुक्काम आज या शिवारात, उद्या त्या. आबांना ऐकू कमी येतं. फोनवर बोलणं म्हणजे नुसती घशाला कोरड. म्हणून मी आईसाठी एक छोटं ॲप लिहिलं होतं. संध्याकाळी तिनं हिरवं बटण दाबलं की तिकडं आबांच्या खिशात फोन थरथरायचा आणि इकडं आबा त्या वेळी ज्या गावी असतील, त्याचं नाव माझ्या आवाजात ऐकू यायचं. आईला वाचता येत नाही.

यंदा आईचा फोन बिघडला. नव्या फोनवर जुनं ॲप चालेना. पुन्हा तयार करून देऊ, त्यात काय, म्हणत मी सुट्टी टाकून गावी, कड्याला आले आणि फसले. ॲपमध्ये मी वापरलेले दुसऱ्यांच्या कोडचे भाग कधीच जुने झाले होते. एक बदलला की दुसरा रुसायचा. स्क्रीनवर तक्रार यायची ती भलत्याच भागाच्या नावानं. हे मी कधी घातलं म्हणून शोधावं, तर ते तिसऱ्याच्याच आडून आत शिरलेलं. माझं डोकं भणभणलं. आबांसोबत मेंढरं राखणाऱ्या जोडीदाराला फोन केला. मुक्काम धर्मापुरीला होता. निरोप दिला, "इकडं सगळं ठीक आहे म्हणून सांगा."

"कावून बोलंना झालंय ते?" आईनं विचारलं.

"आवाजाचा भाग ज्यानं लिहिला, त्यानं ते काम सोडलं, आई. आता त्याकडं कुणी बघत नाही."

"बरा हाय ना पण तो?"

मला तिची फार माया आली.

शेवटी त्या भागाच्या जागी दुसरा बसवला. दिवेलागणीला आईनं बटण दाबलं. फोन म्हणाला, "कडा."

मी कपाळावर हात मारला. आबा धर्मापुरीच्या रानात आणि हे घरचंच गाव सांगतंय. वैतागून पुन्हा कोड उघडलं.

तेवढ्यात आबा दारात उभे. कळप जोडीदाराच्या हवाली करून एसटीनं आले होते. आईला पाहून तिथंच उंबऱ्यावर टेकले.

"लई दिस खिशात कायच हाललं न्हाई," ते म्हणाले. "निरोप आला, ठीक हाय म्हणून. म्हनलं, ठीक हाय असं सांगतेत, म्हंजी कायतरी हाय."

आईनं त्यांना पाणी दिलं. मग शेजारी बसून तिनं पुन्हा बटण दाबलं. आबांनी खिशावर हात ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत काढला नाही.