आईचा पगार, भावाचा फोन

माझ्या धाकट्या भावाला तत्त्वं फार. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, तो सुपरवायझर आहे. सकाळी कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी परत येतो, आणि मधल्या वेळात जगात काय चालतं आणि काय चालत नाही हे ठरवत असतो. लेकीच्या घरचा पैसा माहेरात चालत नाही, हे त्यातलं पहिलं तत्त्व. मी बँकेत नोकरी करते. दिवसभर माझ्या तोंडात पैशांशिवाय दुसरा विषय नसतो. तरी त्याचं हे वाक्य मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि वर त्याचा थोडा अभिमानही बाळगला.

झालं असं की दिवाळीनंतर माझी बाळंतपणाची वाढवलेली रजा संपली. मुलगी नऊ महिन्यांची. आम्ही राहतो सुरतेत, अडाजणला, नवरा सरकारी नोकरीत. सासूबाई धुळ्याला मोठ्या दिरांकडे असतात. त्यांचे गुडघे दुखतात. लग्नकार्याला दुखत नाहीत, फक्त नातवंडं सांभाळायचा विषय निघाला की दुखतात. उरली माझी आई. ती बमरोलीत भावाकडे राहते.

आई साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. आमच्या माहेरच्या गल्लीत घरोघरी तेच चालतं. शेठचा माणूस साड्यांचा गठ्ठा, खड्यांच्या पुड्या आणि गमच्या ट्यूबा देऊन जातो, तयार माल घेऊन जातो, आणि शनिवारी पैसे देतो. वडील गेल्यापासून आईने या पैशांच्या जोरावर घरात कोणापुढे हात पसरला नाही. तिची औषधं, गल्लीतली भिशी, नंदुरबारला बहिणीकडे जायचं तिकीट, सगळं त्यातून. भावाच्या घरात ती राहत होती, पण भावाची मिंधी नव्हती. तिच्या लेखी याला फार किंमत होती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी तिला विचारायला गेले तेव्हा मनात छान भाषण तयार करून गेले होते. तुझ्याशिवाय कोण, परक्या बाईच्या हातात लेकरू कसं द्यायचं, वगैरे. आईने ते ऐकून घेतलं, हातातल्या साडीचा खडा नखाने नीट बसवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "मी येसू. पन साडीसनं काम सोडनं पडी. तितला पैसा माले तू दे."

मी लगेच हो म्हणाले आणि घरी येईपर्यंत फुगून बसले. मला वाटलं होतं ती म्हणेल, अगं वेडे, नातीचं करायला पैसे कसले. म्हणजे मला रडू आलं असतं, तिला मिठी मारली असती, आणि काम फुकटात झालं असतं. माझ्या प्रेमाचा एकूण ऐवज एवढाच होता, पण तेव्हा तो मला फार थोर वाटत होता.

सासूबाईंनी फोनवरून नाक मुरडलं. "आम्ही नाही बाई कधी नातवंडांचे पैसे घेतले." खरंच आहे. त्यांनी नातवंडांचं काही केलंच नाही, तर पैसे कशाचे घेणार होत्या. नवऱ्याने मात्र विरोध केला नाही. तो म्हणाला, पाळणाघरापेक्षा स्वस्त पडेल. हे वाक्य तो आईसमोर बोलला नाही, तेवढं त्याला कळतं.

आणि मग भावाने ते तत्त्व काढलं. आईसमोर, त्याच्या बायकोसमोर, दारात उभ्या असलेल्या शेजारणीसमोर. "ताई, आपल्यात असं नाही चालत. आईने लेकीकडे पगारावर जायचं? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आई पाठ मोडणारं ते काम वीस वर्षं करत होती, तेव्हा त्याच गल्लीत याचं तोंड खुशाल हिंडत होतं. आई एवढंच म्हणाली, "तू नको जावू तोंड दाखाडाले," आणि दुसऱ्या दिवसापासून यायला लागली.

बमरोलीहून अडाजण काही जवळ नाही. ती सकाळी बस पकडून नवाच्या आत यायची. मी मुलीला तिच्या हातात द्यायची आणि पळायची. संध्याकाळी परतले की घर झाडलेलं, मुलगी धुतलेली, कणीक मळलेली. कणीक मळायचं ठरलं नव्हतं. दुपारी कपड्यांच्या घड्या घालायचंही ठरलं नव्हतं. मी एकदाही "राहू दे" म्हणाले नाही. आयतं मिळतं त्याला कोण नको म्हणतं, आणि मी तर पैसे देत होते.

म्हणजे देत होते असं समजत होते. पहिला महिना झाला तेव्हा मी पाकीट तयार केलं. आई पाय पसरून बसली होती, पायांवर मुलगी, आणि तेल चोळणं चाललं होतं. ते बघून माझा हात पर्समधून बाहेर येईना. आपल्या आईच्या हातात महिन्याचे पैसे ठेवायचे म्हणजे धुण्याभांड्याच्या बाईला देतो तसं वाटणार, असं मला वाटलं. बाईला आपण तसे का देतो आणि तिला त्यात काय वाटतं, हा विचार मात्र मला कधी शिवला नव्हता. मी पाकीट परत ठेवलं. आईकडे साधा फोन, तिचं खातं गावाकडच्या शाखेत, पासबुक कुठल्या पेटीत कोण जाणे. मी दिवसाला दहा बायकांची खाती उघडते. आईचं उघडायला मला एक दुपार मिळाली नाही. संध्याकाळी मी भावाच्या नंबरवर पैसे टाकले आणि लिहिलं, आईला दे. बोट दाबलं की झालं, कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

भावाच्या तत्त्वाने मला उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पुढचे महिने असेच गेले. एक तारखेला पगार झाला की मी पहिलं काम हे करायची आणि दिवसभर स्वतःवर खूश असायची. बँकेतल्या मैत्रिणींनाही सांगायची की मी आईला रीतसर पैसे देते बरं का, फुकट राबवून घेत नाही. त्या म्हणायच्या, किती चांगली आहेस तू. मलाही तसंच वाटायचं.

आईशी या विषयावर मी अवाक्षर काढलं नाही. काढायचं काय, असं वाटायचं. पण मधूनमधून मी तिच्याकडे बघून मनात कुढायची. तिच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि तिने तिथे साडीचा दोरा गुंडाळला होता. बस स्टॉपवरून आमची सोसायटी लांब, सीटवर पैसे घेणारी शटल रिक्षा मिळते, पण ती चालत यायची. चहासुद्धा दिवसातून एकदाच. मी नवऱ्याला म्हणाले, आई पैसा दाबून ठेवते, इतकी चिक्कू कधी झाली कळत नाही. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं तसंच असतं. आम्ही दोघं पदवीधर माणसं, बसून हे बोललो.

रामनवमीच्या आसपास एका दुपारी बँकेत आईचा फोन आला. मुलीच्या नाकात काहीतरी गेलंय, मी डॉक्टरकडे आणलंय, तू ये. मी पोचेपर्यंत डॉक्टरांनी ते काढलं होतं. मुलगी आईच्या खांद्यावर मुसमुसत होती, पण बरी होती. डॉक्टरांनी स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली. त्यात गुलाबी खडा होता, साडीचा. तो मी ओळखणार नाही तर कोण. लहानपणी आमच्या जेवणाच्या ताटातसुद्धा ते खडे निघायचे.

 घरी आल्यावर सगळीकडे शोधलं, शेवटी दिवाणाखालचा कप्पा ओढला. आत मुलीच्या दुपट्यांखाली चार साड्या, पुड्या, गमच्या दोन ट्यूबा. माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या उशाशी, मुलगी झोपली की हे चाललं होतं. माझा तोल सुटला. मी आईला इतकं बोलले की शेजारच्या गुजराती काकू दार उघडून बघायला आल्या. हावरटपणाला काही सीमा आहे का, म्हणाले. उद्या तो खडा श्वासनळीत गेला असता तर, म्हणाले. शेवटी म्हणाले, "मी तुला महिन्याच्या महिन्याला पैसे कशाचे देते मग?"

आई मुलीला थोपटत होती. तिचा हात थांबला.

"कसाना पैसा?"

मला वाटलं ती सोंग करते. मी फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. पाच महिन्यांच्या पाच नोंदी, भावाचं नाव, खाली माझं 'आईला दे' आणि खाली अंगठा. तिला वाचता येतं, हळू येतं. तिने दोरा गुंडाळलेला चष्मा सारखा केला आणि पाचही वाचल्या.

"माले कोनीच दिना नही," ती म्हणाली. "तो बोलना, ताईले अडचन शे, फ्लॅटना हप्ता शे, तिनाकडे मांगू नको."

मग सगळं सरळ होतं. मी आईला विचारणार नाही याची भावाला खात्री होती, कारण मला लाज वाटते. आई मला विचारणार नाही याचीही खात्री होती, कारण मी अडचणीत आहे असं त्याने तिला सांगितलं होतं. त्याने आम्हा दोघींना किती नीट ओळखलं होतं, याचं आजही नवल वाटतं. आणि आई पाच महिने, लेक पैसे देत नाही असं समजून, रोज चालत येत होती, माझी कणीक मळत होती, आणि औषधाचे पैसे सुटावेत म्हणून लपून खडे चिकटवत होती. मी तिला हावरट म्हणाले होते. तो शब्द अजून खोलीत होता आणि मला तो कुठे लपवावा कळत नव्हतं.

रविवारी मी बमरोलीला जाऊन भावाला विचारलं. मला वाटलं होतं तो ओशाळेल. तो खुर्चीत बसून राहिला. घरातच लागले म्हणाला, आई घरातच राहते ना, जेवते ना. दारात त्याची नवी मोटारसायकल उभी होती, तिचा हप्ता घरातच लागत असावा. मी म्हणाले, लेकीचा पैसा तुझ्या घरात चालत नाही ना? त्यावर तो जे बोलला ते ऐकून मला त्याच्या बुद्धीला हात जोडावेसे वाटले. तो म्हणाला, "तुझा पैसा मी घेतला नाही, ताई. तू आईला दिलास. मी आईचा वापरला."

यावर भांडता येत नाही. अशा माणसाशी काय भांडणार. मी परत आले, पाच महिन्यांची रक्कम काढली आणि सोमवारी सकाळी आईच्या हातात दिली. हातात, समोर बसून. हावरट म्हणाले त्याबद्दल माफीही मागितली. तिने पैसे घेतले, रुमालात बांधून कमरेला खोचले. मी सांगत सुटले, या शनिवारीच तुझं खातं उघडते, माझ्याच शाखेत, तुझ्या एकटीच्या नावाने, आता एक तारखेला तुझ्याच खात्यात.

ती म्हणाली, "या महिनाभर येसू. पुढे नही."

मी विचारलं, का. आता तर सगळं नीट झालं ना. भावाशी मी बोलले, पैसे मिळाले. ती म्हणाली, खडा नाकात गेला, ती तिची चूक, ती मान्य. साड्या इथे आणायला नको होत्या. पण साड्यांचं काम आता ती सोडणार नाही. शेठ दर शनिवारी फोन करून विचारतो, मावशी, पैसा भेटना का. "तो परका शे," ती म्हणाली. "तू पाच महिना माले एकदाबी इचारं नही."

मी तिला खूप समजावलं. नातीच्या लळ्याचा विषय काढला, तिच्याशिवाय राहील का ती, असंही म्हणाले. हे बोलताना माझं मलाच कळत होतं की मी परत तेच भाषण सुरू केलंय. आई ऐकत राहिली आणि महिना संपला तेव्हा थांबली. आता ती रविवारी येते, शटलने. मुलीला मांडीवर घेते, मी केलेला चहा पिते, उठावंसं वाटलं की उठते. कणकेच्या डब्याकडे बघतही नाही.

मुलीसाठी आम्ही सोसायटीच्या मागच्या गल्लीतलं पाळणाघर लावलं. चालवणारी बाई चाळिशीची, सुरतेचीच, कमरेला किल्ल्या. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं की पैसे कोणाच्या नंबरवर पाठवायचे. ती माझ्याकडे जरा बघतच राहिली.

"मारा ज नंबर पर ने," ती गुजरातीत म्हणाली, माझ्याच की. "बीजा कोना?"